'मेनिपियन' : एका गुलामाच्या नावाचे विशेषण

इंग्रजी समीक्षेत उपहासाच्या एका प्रकाराला 'मेनिपियन' म्हणतात. गद्यपद्याची सरमिसळ, देवांची आणि तत्त्वज्ञांची खिल्ली, व्यक्तीपेक्षा तिच्या विचारसरणीवर धरलेला नेम, ही त्याची लक्षणे. ज्याच्या नावावरून हा शब्द आला त्या मेनिपसची जात-जमात मात्र समीक्षक एका ओळीत उरकतात. मला ती ओळच महत्त्वाची वाटते.

मेनिपस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, गदारा गावचा. हे ठिकाण आज जॉर्डनमध्ये आहे. डायोजेनिस लेअर्शियसच्या चरित्रग्रंथात त्याची नोंद गुलाम अशी आहे. हाच चरित्रकार म्हणतो, त्याच्या लेखनात गंभीर असे काही नाही. पुढे तो त्याला सावकार ठरवतो, आणि पैसा बुडाल्यावर त्याने गळफास घेतला असे सांगतो. भूगोलकार स्ट्रॅबो याच माणसाला हसत हसत गंभीर बोलणारा म्हणतो. निवाडा करायला मेनिपसचे पुस्तक हवे, पण एकही उरलेले नाही.

त्याचे नाव रोमन पंडित वॅरोने चालवले. त्याने मेनिपसच्या धर्तीवर १५० उपहासिका लिहिल्या. त्यांचे सुमारे ६०० तुकडे आज आहेत. याच वॅरोच्या शेतीवरील ग्रंथात अवजारांची एक वर्गवारी येते : मुकी अवजारे म्हणजे गाड्या, अर्धवट बोलणारी म्हणजे बैल, आणि बोलणारी म्हणजे गुलाम. ज्या गुलामाकडून हसण्याची रीत घेतली, त्याच्या वर्गाला अवजारांच्या यादीत बसवणारी ही विद्वत्ता आहे. मालकाच्या अनुकरणाचे तुकडे जपले गेले. गुलामाचे मूळ शब्द गेले.

आपल्याकडे 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात जोतीरावांनी धोंडीबाशी संवाद करीत अवतारकथांची भंबेरी उडवली. 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी उत्तरादाखल जोतीरावांच्या भाषेचीच टर उडवली. गुलाम हसला की त्याच्यात गांभीर्य नाही आणि तो चिडला की त्याच्यात संयम नाही, हा निकाल आजही दलित लेखनावर दिला जातो.

जोतीरावांना 'मेनिपियन' हे बिरुद लावावे, असे मी सुचवीत नाही. परक्या बिरुदाने आपले लेखन मोठे होत नाही. माझे म्हणणे एवढेच, की गुलामाच्या हसण्याची समीक्षा मालकाच्या वहीतून करू नये. जोतीरावांचा ग्रंथ सुदैवाने शाबूत आहे. तो मुळातून वाचावा आणि मग त्यातल्या गांभीर्याविषयी बोलावे.