मोठ्या कॅमेऱ्याचीं चित्रें

मोठ्या कॅमेऱ्यानें, म्हणजे चार बाय पांच इंचांची किंवा त्याहून मोठी प्लेट वा फिल्म घालून, काढलेल्या छायाचित्रांची स्तुति अलीकडे पुन्हां ऐकूं येऊं लागली आहे. ही स्तुति बहुधा दोन गोष्टींवर खर्च होते : त्या चित्रांतील बारकावा आणि तें काढणाऱ्याचा धीर. पहिला गुण खरा आहे, पण तो यंत्राचा. आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचें क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील एका चित्राच्या सुमारें साठ पट असतें. तेव्हां तिच्यांत झाडाचें पान न् पान दिसलें तर त्यांत नवल तें काय? आणि धीर हाच कलेचा गुण मानावयाचा, तर दिवसभर गळ टाकून बसणाराहि कलावंत ठरेल.

धीराविषयीं एकच उदाहरण पुरे आहे. अन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचें हर्नांडेझ गांवावरील चंद्रोदयाचें चित्र १९४१ सालचें. तें आठ बाय दहाच्या कॅमेऱ्यानें घेतलेलें आहे. पण त्यांत धीर कोठला? सूर्य मावळत होता, स्मशानांतील क्रुसांवर शेवटचें ऊन पडलें होतें आणि प्रकाशमापक सांपडत नव्हता. चंद्राची उज्ज्वलता किती, हें त्याला ठाऊक होतें. त्यावरून त्यानें मनांतच हिशेब केला आणि एक फिल्म खर्ची घातली. दुसरी घ्यावी तों ऊन गेलें. हें सारें घाईचें काम. परंतु चित्र कसें व्हावयाचें, तें भिंग उघडण्यापूर्वींच ठरून गेलें होतें.

हें आधीं ठरविणें या कॅमेऱ्याच्या रचनेंतच आहे. पुढें भिंग, मागें घासलेली काच, मध्यें भाता; एवढेंच त्याचें शरीर. डोक्यावर काळें कापड घेऊन काचेवर पाहिलें कीं समोरचें दृश्य उलटें दिसतें. आकाश खालीं, जमीन वर, डावें तें उजवें. नवख्याला याचा त्रास होतो. सरावल्यावर मात्र त्यांतला लाभ कळतो. उलट्या देवळाकडे पाहतांना त्याचें नांव क्षणभर सुटतें आणि काळ्यापांढऱ्या आकारांचा तोल तेवढा डोळ्यांपुढें राहतो. मग काचेपुढें फिल्मची पेटी सरकवावयाची. ती सरकविली कीं काच झांकली जाते. म्हणजे ज्या क्षणीं चित्र उमटतें, नेमक्या त्याच क्षणीं छायाचित्रकाराला यंत्रांतून कांहीं दिसत नाहीं. तो कॅमेऱ्याच्या बाजूस उभा राहून उघड्या डोळ्यांनीं समोर पाहतो. लहान कॅमेरा डोळ्याला लावणारा मनुष्य यंत्राआड असतो, हा नसतो. माझ्या मतें या दोन जातींच्या चित्रांतील भेदाचें मूळ बारकाव्यांत नसून येथें आहे.

आमच्या सटाण्याच्या बाजूला, बागलाणांतच, देवळाणें येथें जोगेश्वराचें जुनें शिल्पसमृद्ध देऊळ आहे. गेल्या हिवाळ्यांत एका हौशी छायाचित्रकाराबरोबर मी तेथें गेलों होतों. सकाळचे तीन तास गेले आणि फिल्म खर्चल्या दोन. उंच इमारत सबंध यावी म्हणून कॅमेरा वर कलविला, तर उभ्या रेषा वर जातां जातां एकमेकींकडे झुकतात आणि देऊळ मागें कोसळत आहेसें वाटतें. मोठ्या कॅमेऱ्यांत तो समतल ठेवून भिंगाची फळी तेवढी वर उचलतां येते. रेषा सरळ राहतात. त्यांत वारा सुटला म्हणजे भाता शिडासारखा थरथरतो आणि वारा पडेपर्यंत हात बांधून उभें राहावें लागतें. त्या दिवशींच्या दोन चित्रांपैकीं बाहेरच्या भिंतीचें मला फार आवडलें. दगडाचा खडबडीतपणा आणि तिरप्या उन्हानें उठविलेल्या कडा जशाच्या तशा आल्या आहेत. दुसरें मात्र पटलें नाहीं. दाराआडचा अंधार त्या गृहस्थांनीं कागदावर छापतांना इतका गडद केला कीं आंतल्या खांबांवरील कोरीव काम त्यांत बुडून गेलें. जें फिल्मवर होतें तें कागदावर नाकारावयाचें, तर एवढें ओझें वाहून न्यावें कशाला?

हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील ग्रंथ १९३१ सालीं निघाला. सिन्नरचा गोंदेश्वर आणि झोडग्याचा माणकेश्वर हीं आमच्याकडचीं देवळें त्यांत आहेत. अशा जुन्या पुरातत्त्वीय चित्रांतील आकाश पुष्कळदां कोरें पांढरें असतें. कारण त्या काळच्या प्लेटीवर निळा रंग फार लवकर उमटे. ढगांचें नाट्य अशा रीतीनें आपोआपच वगळलें गेल्यानें देऊळ आणि पाहणारा यांच्यामध्यें दुसरें कोणी येत नाहीं. या चित्रांना कलाकृति म्हणवून घेण्याची हौस नव्हती, आणि हेंच त्यांच्या पथ्यावर पडलें आहे.

मोठी प्लेट म्हणजे सत्य, असेंहि मात्र कोणी समजूं नये. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पिढींतील आपले एक जाणते छायाचित्रकार. त्याच मुंबईंत काम केलेल्या विल्यम जॉन्सननें १८६३ पासून तेथील निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत माणसें एका ठिकाणीं घेतलेलीं आणि मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, अशी सांधाजोड आढळते. बारकावा दोहोंत उत्तम. पण माणसाच्या पायाखालची जमीन त्याची नव्हे.

आतां आपल्या घरांतील भिंतींवरचीं चित्रें पाहूं. आजोबा खुर्चींत, आजी शेजारीं उभी, दोघांच्याहि मुद्रा ताठर. 'अगदीं निर्जीव' असा अभिप्राय तरुण मंडळी चटकन् देतात. (आमच्याच जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वरीं, १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके हेहि आधीं छायाचित्रकारच होते. १९१३ सालच्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'नंतर पडद्यावरचीं माणसें हलूं लागलीं, आणि भिंतीवरचीं अधिकच ताठ दिसूं लागलीं असावींत.) आरंभींच्या काळांत कित्येक सेकंद न हलतां बसावें लागे, मान स्थिर राहावी म्हणून मागें लोखंडी आधार लावीत. लाल रंग त्या प्लेटीवर उमटतच नसे, म्हणून आजीच्या कपाळावरचें कुंकू काळेंभोर दिसतें. चेहऱ्यावरचे डाग नको इतके उठत. ते प्लेटीवर पेन्सिलीनें झांकीत. हें सारें मान्य करूनहि तो अभिप्राय मला चुकीचा वाटतो. त्या मुद्रेंत भय नाहीं, अवधान आहे. छायाचित्रकार कॅमेऱ्याशेजारीं उभा आहे, भिंगावरचें झांकण त्याच्या हातांत आहे, आणि समोरच्या माणसाला ठाऊक आहे कीं आतां आपण दिसणार तें कायमचें. चोरून टिपलेल्या हास्यांत हें कधींच येत नाहीं. बसणाऱ्यानें आपलें रूप स्वतः होऊन दिलेलें असतें. चित्राचें निम्में कर्तृत्व त्याचें.

आज जे हौशी लोक या कॅमेऱ्याकडे वळत आहेत त्यांच्या कामाची परीक्षा मी याच कसोटीवर करीन. फिल्मची काळी कडा मुद्दाम ठेवून छापणें, श्रमांचें वर्णन चित्राखालीं लिहिणें, हीं मला दुकानाच्या पाटीसारखीं वाटतात. चित्रांत कांहीं आधीं ठरलें होतें कीं नाहीं, आणि समोरच्याचा त्यांत वांटा आहे कीं नाहीं, एवढें पाहावें.

आणि कसोटी लावावयाची तर माल तरी शिल्लक हवा. जुन्या स्टुडिओंतील कित्येक प्लेटी नुसत्या काचेच्या मोलानें गेल्या. वरचा थर धुऊन टाकला कीं चौकटीला काच तयार! ज्यांच्या घरीं अथवा ओळखीच्या स्टुडिओंत अशा प्लेटी असतील त्यांनीं त्या पाण्यानें पुसूं नयेत, एकीवर एक रचूं नयेत. प्रत्येकीला कागदाचें वेगळें पाकीट करून, लांब कडेवर उभ्या, कोरड्या जागीं ठेवाव्या. आणि घरांत कोणी वडील माणूस चेहरे ओळखणारें असेल, तर पाकिटावर आंतल्या माणसांचीं नांवें यंदांच लिहून घ्यावीं.