बनियनला ‘अडाणी’ म्हणताना

औपचारिक शिक्षण नसताना ज्यांचा शब्द शतकानुशतकं टिकला, अशा ख्रिस्ती उपदेशकांची यादी काढली की जॉन बनियनचं नाव वर येतंच. आणि नाव आलं की पाठोपाठ एक वाक्यही हमखास येतं : ‘अहो, तो तर अडाणी होता, देवानंच त्याच्याकडून लिहून घेतलं.’ ऐकायला बरं वाटतं. माझी आजची तक्रार या वाक्याशीच आहे.

आधी माणूस बघू. 1628 साली बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावात जन्म. बापाचा धंदा फुटकी भांडी झाळून देण्याचा, तोच याचाही. आपल्याकडे गल्लीत कल्हईवाला येऊन भाता लावून बसायचा ना, त्याच जातकुळीचा हा माणूस. शाळा थोडीशी झाली होती. शिकलेलं लवकरच विसरलो, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पहिलं लग्न झालं तेव्हा घरात धड ताट-चमचाही नव्हता. पण बायकोकडे वडिलांनी मागे ठेवलेली दोन पुस्तकं होती, एक आर्थर डेंटचं, एक लुइस बेलीचं. दोन्ही धार्मिक. पुढे गलतीकरांस पत्रावरचं ल्यूथरचं भाष्य हाती लागलं, तेही इतकं जीर्ण की पान उलटायची भीती वाटावी. आणि या सगळ्याच्या वर इंग्रजी बायबल.

म्हणजे बघा, हा माणूस वाचत नव्हता असं अजिबात नाही. पुस्तकं मोजकी होती, पण ती झिजेपर्यंत वाचलेली. त्याला अडाणी म्हटलं की ही सगळी मेहनत पुसली जाते. देवाला श्रेय द्यायला माझी हरकत नाही. वाचणाऱ्याच्या खिशातून काढून ते देऊ नका, एवढंच.

आता दुसरी गोष्ट. ‘अडाणी’ हा शब्द आज आपण कौतुकानं वापरतो, पण त्याच्या हयातीत तो शब्द शिवीसारखा वापरला गेला. 1659 साली थॉमस स्मिथ नावाच्या केंब्रिजच्या विद्वानानं हरकत घेतली की भांडी झाळणाऱ्यानं उपदेश करायचा कुठल्या अधिकारानं? पुढच्या वर्षी राजा परत आला, आणि नोव्हेंबरात बनियनला अटक झाली. कायदा कुठला, तर 1593 चा, एलिझाबेथ राणीच्या काळातला. ‘यापुढे उपदेश करणार नाही’ एवढं कबूल केलं असतं तर सुटका होती. त्यानं केलं नाही. जवळजवळ बारा वर्षं तुरुंगात गेली. तिथे बुटांच्या नाड्या तयार करून तो घर चालवायला हातभार लावत होता.

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक चरित्रं इथे फार घाईनं पुढे सरकतात. पहिली बायको वारली होती. दुसरी, एलिझाबेथ, नवीनच लग्न होऊन आलेली. अटकेच्या बातमीनं तिच्या पोटी अकाली बाळंतपण आलं आणि मूल गेलं. पदरात सवतीची चार मुलं, त्यातली थोरली मेरी आंधळी. अशा अवस्थेत ती 1661 मध्ये न्यायाधीशांसमोर उभी राहिली आणि तोंडावर सांगितलं की माझा नवरा भांडी झाळणारा गरीब माणूस आहे, म्हणून त्याला न्याय मिळत नाही. मॅथ्यू हेल यांनी सहानुभूतीनं ऐकलं, पण सुटका काही झाली नाही. बनियननं हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्याच्या निष्ठेची किंमत किती जणांनी भरली, हे त्याला माहीत होतं. आंधळ्या मेरीबद्दल लिहिताना त्याचा हात थरथरलेला जाणवतो.

‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा पहिला भाग 1678 चा. त्यातला ‘व्यर्थतेच्या बाजारा’तला खटला वाचा. न्यायाधीशाचं नावच ‘चांगुलपणाचा द्वेष करणारा’. पंच मंडळीतला एक ‘आंधळा’. हे सुचायला विद्यापीठ लागत नाही, कोर्टात आरोपी म्हणून उभं राहिलेलं असावं लागतं. आणि ‘बोलभांड’ नावाचं पात्र! धर्मावर तासन्‌तास बोलणारा, घरात मात्र त्यातलं काही नसलेला. उपदेशकानं उपदेशकांना असा आरसा दाखवणं सोपं नाही. (माझ्यासारख्या व्याख्यात्यांनाही तो जरा लागतोच.)

पण मला खटकतं ते शेवटचं. ‘अज्ञान’ नावाचा तरुण प्रवासी स्वर्गाच्या दारापर्यंत येतो, आणि तिथूनच त्याला हातपाय बांधून नरकात टाकतात. हे अज्ञान शाळा न शिकल्याचं नाही, स्वतःचं पाप न ओळखल्याचं आहे, हा खुलासा मला मान्य आहे. तरीही ज्याला जगानं ‘अज्ञानी’ म्हणून हिणवलं, त्यानं शेवटचा धक्का त्याच नावाच्या माणसाला द्यावा? स्वतः कष्टानं मिळवलेल्या खात्रीला एक धार असते, ती इथे दुसऱ्याला कापते. पुस्तकाच्या प्रेमात असलेल्यांनीही हे पान टाळू नये.

पंडितांनी त्याला बराच काळ बाहेरच ठेवलं. 1757 मध्ये ह्यूमनं लिहिलं की बनियनला अ‍ॅडिसनच्या बरोबरीला बसवणं म्हणजे उंदरानं उकरलेल्या मातीच्या ढिगाला पर्वत म्हणणं. पुढे मेकॉलेनं उलट निवाडा दिला : सामान्य शेतकऱ्याला कळणारे शब्द, आणि त्यातच इंग्रजीची खरी श्रीमंती. हो, तोच मेकॉले. त्यानंच 1835 च्या टिपणात आपल्या देशी बोलींना दरिद्री ठरवलं. स्वतःच्या गावचा कल्हईवाला थोर, दुसऱ्यांचे कल्हईवाले मुके.

आणि मराठी? 1841 मध्ये हरि केशवजींनी हे पुस्तक मराठीत आणलं, ‘यात्रिक क्रमण’ या नावानं. मराठी कथात्मक गद्याच्या इतिहासात त्याला मान आहे, तो असावाच. पण नाव पुन्हा एकदा उच्चारून बघा. रस्त्यावरच्या माणसानं रस्त्यावरच्या भाषेत लिहिलेलं पुस्तक, आणि मराठीत येताना दारावर पाटी लागली ती पंडिताच्या हस्ताक्षरात.