नकाशाची साक्ष व बॉसवर्थचें रणक्षेत्र

जुन्या नकाशांवरून जागा हेरून तेथें धातुशोधक यंत्र फिरविण्याचा छंद इंग्लंडांत फार वाढला आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचे एकोणिसाव्या शतकांतील सहा-इंची नकाशे किंवा १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या दशमांश करासाठीं काढलेले गांवनकाशे समोर घ्यावयाचे, त्यांत मोडलेली पायवाट, बुजलेली विहीर, जत्रेचें माळरान हुडकावयाचें, तें आजच्या नकाशावर बसवावयाचें आणि मालकाच्या परवानगीनें शेतांत उतरावयाचें, असा हा क्रम आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें असे नकाशे सर्वांस खुले केल्यापासून हें काम घरबसल्या होतें. जेथें माणसांचा वावर तेथें नाणीं गळावयाचींच, हा तर्क खोटा नाहीं. परंतु नकाशा कोणत्या काळाचा व कोणाच्या सांगण्यावरून काढलेला, ही चौकशी या मंडळींत क्वचितच होते. ती न केल्यास काय होतें तें बॉसवर्थच्या प्रकरणांत दिसतें. आणि ग्लेन फोर्ड व ॲन करी यांचा त्यावरील १८८५ च्या नव्हे, २०१३ च्या सालचा ग्रंथ आमच्या वाचकांनीं याच दृष्टीनें पाहावा.

२२ ऑगस्ट १४८५ रोजीं तिसरा रिचर्ड राजा लढाईंत पडला व राज्य ट्यूडर घराण्याकडे गेलें. या लढाईची जागा म्हणून दीर्घकाळ ॲम्बियन टेकडी दाखविली जात असे. विल्यम हटन यानें १७८८ च्या आपल्या पुस्तकांत ती जागा ठरविली. १८१३ त डॉ. पार यानें तेथील झऱ्यावर रिचर्डच्या नांवानें दगडी घुमटी उभारली. सर्व्हेच्या नकाशांत रणक्षेत्राची खूण त्याच बाजूस पडली. आणि १९७४ त कौंटी कौन्सिलनें टेकडीवर प्रदर्शनकेंद्र उघडलें. नकाशा उघडून बसणाऱ्यास वाटावें, साक्षीदार किती! वस्तुतः ही सर्व साक्ष १४८५ ची नसून तीनशें वर्षांनंतरच्या तर्काची होती. एका बखरीवरून दुसरी व दुसरीवरून तिसरी उतरली म्हणून तीन साक्षीदार होत नाहींत, हें मोडी दप्तरें चाळणारास सांगावयास नको. नकाशासही तोच न्याय लावला पाहिजे.

पहिला धक्का कागदांनींच दिला. १५११ च्या एका राजपत्रांत या रणभूमीस डॅडलिंग्टनचें शेत असेंही म्हटलें आहे. त्यावर कॉलिन रिचमंड यांनीं १९८५ त बोट ठेवलें. यॉर्क शहराच्या दप्तरांत जागेचें नांव रेडमोर, म्हणजे बोरूची दलदल, असें येतें. पीटर फॉस यांनीं १९९० त तें नांव डॅडलिंग्टनच्या बाजूस नेऊन बसविलें. हातांत यंत्र नसतां या दोघांनीं जें साधलें त्याचें मोल आम्हांस फार वाटतें.

२००५ पासून फोर्ड यांनीं आधीं जुनी भूमि कागदावर उभी केली: शेतांचीं नांवें, जमिनींच्या याद्या, जुने रस्ते, मातीची तपासणी, दलदल कोठें होती याचा शोध. मग यंत्रें ठराविक अंतरानें समांतर पट्ट्यांतून फिरलीं व प्रत्येक वस्तूची जागा मोजून नोंदली गेली. बरींच वर्षें हातीं कांहीं लागलें नाहीं. २००९ त टेकडीच्या नैर्ऋत्येस सुमारें दोन मैलांवर शिशाचे गोळे मिळूं लागले. ते तीसहून अधिक झाले. दलदलीच्या कांठीं रिचर्डचें चिन्ह असलेला रानडुकराचा चांदीचा, सोनेरी मुलाम्याचा बिल्लाही सांपडला.

वर्तमानपत्रें बिल्ल्यावर लुब्ध झालीं. आमच्या मतें निर्णय शिशानें केला. बिल्ला एखाद्याच्या अंगावरून कोठेंही पडूं शकतो. गोळ्यांचा असा समूह मात्र तोफांच्या माऱ्याशिवाय उगवत नाहीं. आणि नाण्यांच्या मागें लागलेला संग्राहक नेमकें हेंच शिसें फेंकून देतो! नांगरलेल्या मातींत वस्तूचा थर मोडलेलाच असतो. उरतें तें एवढेंच कीं ती शेताच्या कोणत्या भागांत होती. तेवढेंही न नोंदतां उचललेला गोळा केवळ वजनाचा राहतो.

कायदाही येथें थिटा पडतो. १९९६ चा निधिकायदा मुख्यतः सोनेंचांदी व नाण्यांचे साठे पाहतो. २०२३ त दोनशें वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातुवस्तु त्यांत आल्या खऱ्या, पण एकटा शिशाचा गोळा त्यांत बसणें कठीण. १९९७ पासून चालू असलेली नोंदयोजना ऐच्छिक आहे. म्हणजे कोणी हे गोळे एकेक करून नेले असते तर रणक्षेत्र कायदेशीरपणें नाहींसें झालें असतें. आपल्या १८७८ च्या निखातनिधि कायद्यांतही कसोटी दहा रुपये किंमतीची आहे, जागेची नाहीं.

ग्रंथाविषयीं एक शंका नोंदवितों. गोळा जेथें सांपडला तेथें तो पडून वा घरंगळून थांबला. तोफ कोठें होती हें त्यावरून थेट कळत नाहीं. लेखक येथें सावध आहेत, पण वाचक तसे राहतीलच असें नाहीं, व नव्या नकाशावरच्या सैन्याच्या रेघा पुन्हां परंपरा होऊन बसतील. म्हणून अशा नकाशांत निश्चित व अनुमानित रेघा निराळ्या शाईनें काढाव्या, मूळ नकाशाचें साल व तो कोणावरून उतरला तें द्यावें, आणि ज्या पट्ट्यांत कांहींच मिळालें नाहीं त्याही दाखवाव्या.