'व्याप्ती' म्हणजे नेमकं काय? भोर-वेल्ह्यातून पाइप गॅसचे आकडे वाचताना

माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात पुणे जिल्ह्याचा एक नकाशा होता. दोनच रंग. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि लागूनचा हिंजवडी-चाकण-तळेगाव पट्टा निळा, कारण तिथे पाइप गॅसची परवानगी महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे (एमएनजीएल) आहे. उरलेला जिल्हा हिरवा, तो टोरंट गॅसकडे. पांढरा ठिपका औषधालाही नाही. खाली मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'शहर गॅस वितरणाने संपूर्ण व्यापलेला जिल्हा'.

सुट्टीत तो नकाशा मी आत्याला मोबाइलवर दाखवला. आत्या वेल्हे तालुक्यात, मढे घाटाच्या अंगाला राहते. (या तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झाला आहे, त्यामुळे सरकारी तक्ते शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.) तिने चष्मा पुसला, स्क्रीन जवळ घेतली आणि म्हणाली, "हे हिरवं म्हंजी रान दाखवलंय व्हय?"

मी तेव्हा हसले. पण परत आल्यावर गाइडने त्याच नकाशावर बोट ठेवून विचारलं, "व्यापलेला म्हणजे काय झालेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ही टीका आधी माझ्याच खर्ड्यावर आहे, आणि मग तो शब्द मी जिथून उचलला त्या सरकारी भाषेवर.

तुम्ही या विषयाकडे वळलात तर पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एक आकडा भेटेल. २०२२ मध्ये अकराव्या फेरीनंतर शहर गॅस वितरणाने देशाची ९८ टक्के लोकसंख्या आणि ८८ टक्के भूभाग 'व्यापला', असं सांगितलं जातं. त्यानंतर बाराव्या फेरीत ईशान्येकडची राज्यं, जम्मू-काश्मीर आणि लडाख आले. आता एकूण ३०७ भौगोलिक क्षेत्रं आहेत आणि मुख्य भूमीवर शिल्लक असं काही उरलं नाही. म्हणजे कागदावर लडाखही व्यापलेलं आहे. आता दुसरा आकडा घ्या. २०२५ च्या सुरुवातीला देशातल्या घरगुती पाइप गॅस जोडण्या दीड कोटीच्या आसपास होत्या. देशातली घरं तीस कोटींच्या घरात. दोन्ही आकडे खरे आहेत, त्यात कुणी लबाडी केलेली नाही. पण पहिला आकडा परवानगीचा आहे आणि दुसरा नळीचा.

परवानगीचं एकक असतं भौगोलिक क्षेत्र. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ (२००६ च्या कायद्याने आलेलं) बोली मागवून एका क्षेत्रासाठी एका कंपनीला परवानगी देतं. नळ्यांच्या जाळ्यावर त्या कंपनीचा २५ वर्षं एकट्याचा हक्क राहतो. बदल्यात किमान कामाचा कार्यक्रम असतो: इतक्या घरगुती जोडण्या, इतके सीएनजी पंप, इतकी पोलादी नळी. आणि इथेच मेख आहे. घरगुती जोडण्यांचं उद्दिष्ट अख्ख्या क्षेत्राचं मिळून धरलं जातं. बारामती, रांजणगाव, दौंड आणि वेल्हे एकाच बेरजेत. बेरीज पुरी झाली की झाली. ती कुठल्या तालुक्यात पुरी झाली, याला गुण नाहीत.

वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५४,५१६ होती, भोरची १,८६,११६. वेल्ह्यात शहर म्हणावं असं एकही गाव नाही. पानशेत आणि गुंजवणी धरणांची पाणलोटं, तोरणा-राजगडाच्या सोंडा, त्यात विखुरलेल्या वाड्या आणि खाली काळा पाषाण. भोरचं चित्र जरा वेगळं आहे, म्हणजे खरं तर त्याची दोन चित्रं आहेत. शिंदेवाडी, वेळू, कापूरहोळ, किकवी ही महामार्गाची कड पुण्याचं शेपूट झाली आहे, गोदामं आणि कारखान्यांनी भरलेली. आणि भोर गावातून वरंधा घाटाकडे निघालं की तासाभरात तुम्ही वेल्ह्यासारख्याच मुलखात असता. तालुक्याची सरासरी काढली तर या दोन्ही भोरांपैकी एकही दिसत नाही.

आता जरा हिशेब करू. मी पाठीमागच्या पानावर केला तसाच, अंदाजे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधली ऊर्जा साधारण १८ घनमीटर नैसर्गिक वायूइतकी. वर्षाला आठ सिलिंडर लागणारं कुटुंब पाइप गॅसवर आलं, तर दिवसाला जवळपास ०.४ घनमीटर वापरेल. हे झालं शहरातलं घर. उज्ज्वला योजनेवरच्या कॅगच्या २०१९ च्या अहवालात लाभार्थ्यांचा सरासरी वार्षिक वापर ३.२१ सिलिंडर निघाला होता. म्हणजे दिवसाला ०.१६ घनमीटर. याउलट दिवसाला चार किलो सीएनजी भरणारी एक रिक्षा साधारण साडेपाच घनमीटर जाळते. एक रिक्षा म्हणजे शहरातली चौदा घरं, किंवा उज्ज्वलाच्या सरासरीने चौतीस घरं! शिवाय रिक्षा स्वतः पंपावर येते. चौतीस घरांपर्यंत मात्र पाषाण फोडून चर खणावा लागतो, प्रत्येक दारात मीटर बसवावा लागतो आणि दर दोन महिन्यांनी बिल काढावं लागतं.

त्यामुळे कंपनी आधी महामार्गाकडे आणि एमआयडीसीकडे गेली तर मला त्यात कटकारस्थान दिसत नाही. सीएनजी तर ट्रकवरच्या नळकांड्यांतून आणूनही विकता येतो, त्याला नळीही लागत नाही. या विषयावरच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'कंपन्यांचं ग्रामीण भागाकडे दुर्लक्ष' असं एक वाक्य हमखास असतं. (माझ्यातही होतं.) ते वाक्य काढून टाका. जिथे नियमच बेरीज मागतो, तिथे कंपनीने भागाकार का करावा?

बोलीचे निकषही तपासून घ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत कोण कमी शुल्क लावणार यावर निवड व्हायची, आणि काही कंपन्यांनी चक्क एक पैशाची बोली लावली. २०१८ च्या नवव्या फेरीपासून घरगुती जोडण्यांच्या आश्वासनाला ५० टक्के भार मिळाला, पंपांना २०, पोलादी नळीला २० आणि शुल्काला उरलेले १०. झालं, शुल्कातली स्पर्धा आश्वासनांत सरकली. एखादं क्षेत्र कोणत्या फेरीत दिलं गेलं हे न बघता दोन क्षेत्रांची तुलना केली, तर ती तुलना कंपन्यांची राहत नाही, नियमांची होते.

पैशाच्या बाजूवर थोडक्यात. देशातल्या जुन्या क्षेत्रांतला स्वस्त वायू आधी घरगुती नळीला आणि मग सीएनजीला मिळतो. त्याची कमाल किंमत एप्रिल २०२३ मध्ये दहा लाख ब्रिटिश उष्मा एककांना साडेसहा डॉलर ठरली. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीएनजीच्या वाट्याला दोनदा कात्री लागली आणि कंपन्यांना महाग वायू घ्यावा लागला. राज्याने २०२२ मध्ये व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला होता, तो दिलासा वेगळा. मुद्दा इतकाच की घरगुती जाळ्याचा खर्च बऱ्याच अंशी सीएनजीच्या जिवावर चालतो. रिक्षा आणि बस विजेवर गेल्या तर आत्याच्या गावाचा नंबर आणखी मागे जाईल.

पर्यावरणाच्या प्रकरणात माझी चूक याहून मोठी होती. मी लिहिलं होतं की पाइप गॅसमुळे ग्रामीण महिलांची धुरातून सुटका होते. कुठल्या महिलांची? नळी ज्या घरात जाते तिथे बहुतेक वेळा आधीच सिलिंडर असतो. म्हणजे नळीने सिलिंडर हटवला, चूल नाही. आत्याकडेही सिलिंडर आहे. त्यावर सकाळचा चहा होतो आणि पाहुणे आले की भाजी. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर. उन्हाळा संपायच्या आत पडवीत लाकडं रचून ठेवायची, कारण एकदा पाऊस लागला की सुकं लाकूड मिळत नाही. सिलिंडरची गाडी ठरल्या वारी रस्त्याच्या गावात येते, तिथून पुढे तो आणायचा कुणी हा रोजच्या भांडणाचा विषय. तिचं घर सरकारी तक्त्यात गॅस जोडणी असलेलं घर आहे, आणि छपराखालचं आढं काजळीने काळं आहे. कॅगने मोजलं ते नेमकं हेच. जोडणी वेगळी, वापर वेगळा.

मिथेनचंही तसंच. तुम्हाला बोस्टन शहरावरचा २०१५ चा अभ्यास सापडेल. तिथे वायूची गळती २.७ टक्के निघाली, सरकारी अंदाजाच्या दोन-तीन पट. मोह होतो, हा आकडा पुण्याला लावून मोकळं व्हावं. करू नका. बोस्टनमध्ये जुन्या बिडाच्या नळ्या आहेत, आपल्याकडे बहुतेक नव्या प्लास्टिकच्या. मात्र त्या अभ्यासातून विचार जरूर घ्या. गळती मुख्यतः नळीच्या लांबीवर आणि सांध्यांवर अवलंबून असते, आतून किती वायू गेला यावर नाही. लांब नळी आणि कमी वापर असेल तर विकलेल्या दर घनमीटरमागे गळती जास्त पडेल. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास तीसपट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ऐंशीपटीहून जास्त. म्हणजे वेल्ह्याच्या टोकापर्यंत नळी नेणं धंद्यालाच नाही, हवामानालाही महाग पडू शकतं.

मग माझं म्हणणं काय, नळी न्यावी की नको? डोंगरातल्या वाड्यांपर्यंत नेऊ नये, असं मला वाटतं. तिथे सिलिंडर वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात पोचवणं, आणि गोठा असेल तिथे गोबर गॅस, हे जास्त शहाणपणाचं आहे. पण मग त्या वाड्यांना व्यापलेल्या लोकसंख्येत धरणंही थांबवा. आत्याच्या गावाकडून दोन्ही गोष्टी कशा घेता? २५ वर्षांसाठी तिथला हक्क एका कंपनीला दिलेला, तिथली माणसं ९८ टक्क्यांत मोजलेली, आणि उद्या जिल्ह्याच्या इंधन आराखड्यात कुणी म्हणालं की इथलं काम झालेलं आहे, तर पुरावा म्हणून माझ्यासारखीचा हिरवा नकाशा!

तो नकाशा आता मी काढून टाकला आहे. त्या जागी गावनिहाय तक्ता आहे, सहा रकान्यांचा: परवानगी आहे का, जवळची पोलादी नळी किती किलोमीटरवर, गावात नळी आहे का, जोडण्या किती, त्यातल्या गेल्या महिन्यात वायू वापरलेल्या किती, आणि त्या घरांत आधी कुठलं इंधन होतं. शेवटचे दोन रकाने घरोघर गेल्याशिवाय भरत नाहीत. आत्तापर्यंत अकरा गावं झाली. आत्याच्या गावापुढे पहिल्या रकान्यात 'होय' आहे. पाचव्या रकान्यात रेघ मारली, तेव्हा ती शेजारीच शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "रेघ कशाला मारतीस? नाही म्हणून लिही की."