रूपांतराची शक्ती आणि हुकलेल्या संधी : ‘ॲनिमॉर्फ्स’ कादंबरीमालेची चिकित्सा

के. ए. ॲपलगेट यांची ‘ॲनिमॉर्फ्स’ ही विज्ञानकादंबरीमाला 1996 ते 2001 या काळात स्कॉलस्टिक या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. मुख्य मालेचे 54 खंड आहेत. किशोरांसाठीचे लेखन म्हणून तिला बाजूस सारण्याचा मोह होतो. परंतु दुर्बळांनी बलाढ्य शत्रूशी कसे लढावे, हा तिचा मूळ प्रश्न बाळबोध नाही. पाच मुले व ॲक्स हा परग्रहवासी अशा सहा जणांना, स्पर्श केलेल्या प्राण्याचे रूप घेता येते. दोन तासांची मर्यादा उलटली की तेच रूप कायमचे होते. टोबायस हा नायक असाच ससाण्याच्या रूपात अडकतो. शत्रू यीर्क हे गोगलगाईसारखे परजीवी असून ते माणसाच्या मेंदूत शिरून त्याचा ताबा घेतात. दर तीन दिवसांनी मात्र त्यांना तळ्यात उतरून कँड्रोना किरणांवर पोसावे लागते.

मराठी वाचक या संघर्षाला साहजिकच गनिमी काव्याची मोजपट्टी लावतो. 1663 चा लाल महालावरील छापा आणि 1664 ची सुरतेची मोहीम यांत शत्रूचे सैन्य नव्हे, तर त्याचा आत्मविश्वास आणि त्याची तिजोरी हे लक्ष्य होते. ॲनिमॉर्फ्स या वाटेने एकदाच ठामपणे जातात. सातव्या खंडात ते कँड्रोनाचे यंत्र उद्ध्वस्त करतात. ही रसद पुढे पूर्ववत होते आणि नायक पुन्हा वाघ, गोरिला, अस्वल होऊन समोरासमोर भिडू लागतात. हेरगिरीसाठी ते माशी किंवा झुरळ होतात हे खरे. पण निर्णायक क्षणी श्वापदाचेच रूप घेतात. आरे वसाहतीतील बिबट्यांच्या शेजारात राहणाऱ्या जोगेश्वरीच्या रहिवाशाला यातील अडचण सांगावी लागणार नाही : बिबट्या दिसला की गावभर होते, कावळ्याकडे कोणी पाहतही नाही.

सतराव्या खंडातील प्रसंग थोडा हास्यास्पद, तरी महत्त्वाचा आहे. एका विशिष्ट चवीच्या तयार ओटच्या लापशीने यीर्क व्यसनाधीन व वेडे होतात, असा शोध नायकांना लागतो. पुढे या अस्त्राचा पद्धतशीर वापर होत नाही. ही लेखिकेची विस्मृती आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेडा झालेला यीर्क ज्याच्या डोक्यात असेल, तो निरपराध माणूसही त्याच्यासोबत कायमचा कैद होतो. येथे संधी हुकलेली नसून नाकारलेली आहे. मनुष्यबळाच्या बाबतीत मात्र असा बचाव पुरेसा होत नाही. विसाव्या ते बाविसाव्या खंडांत डेव्हिड या मुलाला शक्ती दिली जाते आणि तो विश्वासघात करतो. एका अनुभवाचा नियम करून नायक पन्नासाव्या खंडापर्यंत दार बंद ठेवतात. अखेर अपंग मुलांची तुकडी उभी राहते, तेव्हा वेळ संपत आलेली असते आणि त्या मुलांचा बळी जातो. मधल्या अनेक खंडांचे लेखन ॲपलगेट यांच्या आराखड्यावरून इतरांनी केले. त्या खंडांत युद्ध फारसे पुढे सरकत नाही, याला हेही एक कारण असावे.

सर्वांत मोठी संधी मात्र लष्करी नव्हे, राजकीय होती. यीर्कांना इतरांचे देह हवे असतात, कारण स्वतःच्या देहात ते आंधळे आणि हतबल असतात. रूपांतराची शक्ती हीच त्या भुकेवरची तोड आहे. एकोणिसाव्या खंडात कॅसी ही नायिका आफ्ट्रान या यीर्कशी संवाद साधते. एकोणतिसाव्या खंडात आफ्ट्रान कायमची देवमासा होऊन मुक्त होते. म्हणजे तहाचा मसुदा मालेच्या मध्यावरच हाती होता. यीर्कांमध्ये शांततावादी गटही होता. तरीही या एका उदाहरणाचे धोरण होत नाही. ॲक्सच्या अँडलाइट जातीने तंत्रज्ञान इतरांना देण्यास बंदी घातली होती. सीरो या अँडलाइटच्या औदार्यातूनच यीर्क अंतराळात पोहोचले, ही त्यामागची जुनी जखम. नायक हा निर्बंध त्याच्या कारणांची तपासणी न करता स्वीकारतात.

तह म्हणजे पराभव नव्हे, हे शिवकालाच्या अभ्यासकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात 23 किल्ले दिले गेले आणि 1670 पासून ते परत घेण्यास आरंभ झाला. काय द्यावे आणि केव्हा द्यावे, हाही युद्धनीतीचाच भाग असतो. पन्नासाव्या खंडात कॅसी रूपांतराचा घन शत्रूच्या हाती जाऊ देते, तेव्हा सहकाऱ्यांना तो द्रोह वाटतो. तिची दिशा योग्य होती, असे मालेचा शेवटच सुचवतो. परंतु देणे वाटाघाटीतून आले नाही, म्हणून त्याच्या बदल्यात काहीच पदरात पडले नाही.

अखेरच्या लढाईत जेक हा नेता तळ्यातील 17,372 निःशस्त्र यीर्कांना अंतराळात फेकून देण्याचा हुकूम देतो. पुढे हेग येथील खटल्यात शत्रुपक्षाचा वकील याच कृत्यावर बोट ठेवतो. उरलेल्या यीर्कांना प्राण्याचे रूप कायमचे स्वीकारण्याचा पर्याय दिला जातो, तो त्या हुकमानंतर.