उरलेला अवकाश आणि घडवलेला अवकाश

मराठी समीक्षेत ‘अवकाश’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. अल्पाक्षरी कवितेतील ‘शब्दांमधला अवकाश’, कथेतील ‘न सांगितलेल्याचा अवकाश’ असे आपण सहज लिहितो आणि तो अवकाश कशामुळे अर्थपूर्ण झाला हे दाखवण्याच्या जबाबदारीतून मुक्त होतो. ‘येथे मौन बोलके झाले आहे’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार भेटते. ते त्यांनी आपल्याच लेखांतून उचललेले असते. रिक्त अवकाशाची संकल्पना दृश्यकलेतून साहित्यविचारात आणायची, तर ती तिच्या काटेकोरपणासह आणली पाहिजे.

या काटेकोरपणाचा एक आधार मानसशास्त्रात सापडतो. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये मांडलेली चषक आणि दोन चेहऱ्यांची आकृती सर्वपरिचित आहे. चषक पाहावा तर चेहरे पार्श्वभूमीत विरतात, चेहरे पाहावेत तर चषक नाहीसा होतो. रुबिन यांचा महत्त्वाचा मुद्दा सीमारेषेविषयीचा आहे. एका वेळी ती एकाच बाजूची असते. जिची असते ती बाजू आकृती ठरते, दुसरी निराकार होऊन तिच्यामागे पसरल्यासारखी भासते. म्हणजे रिक्त अवकाशाविषयी बोलणे हे अखेरीस त्याच्या कडेविषयी बोलणे असते.

चित्रकार आकृती काढतो आणि अवकाश उरतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वेरूळला ती उलटी होते. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृहात, कारागिरांनी कातळ काढून पोकळी घडवली. लाकडी वाशांचा आभास देणाऱ्या फासळ्या त्या पोकळीला आकार देतात. सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यात, आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, डोंगर माथ्याकडून खाली खोदत नेला. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद अशा त्या खोदाईच्या मधोमध देवालय उभे आहे. येथे पोकळी खोदली गेली आणि आकार उरला. पहिल्या ठिकाणी पोकळी हीच वास्तू आहे, दुसऱ्या ठिकाणी ती वास्तूला दृश्यमान करते. मात्र दोन्हीकडे ती छिन्नीने कमावलेली आहे. चैत्यगृह बुजवले तर वास्तूच संपेल. कैलासाभोवतीचे प्रांगण भरून काढले तर देवालय पुन्हा डोंगरात लुप्त होईल. ‘ही जागा भरली तर काय मोडेल?’ ही रिक्त अवकाशाची कसोटी येथून घेता येईल.

साहित्यसिद्धान्तात हाच भेद वेगळ्या परिभाषेत आलेला आहे. रोमान इनगार्डेन यांनी १९३१ मध्ये ‘अनिश्चिततेची स्थळे’ ही कल्पना मांडली. कोणतेही वर्णन वस्तूचे सारे गुणधर्म सांगू शकत नाही, त्यामुळे अशी स्थळे प्रत्येक साहित्यकृतीत असणारच. नायकाच्या डोळ्यांचा रंग सांगितलेला नाही, एवढ्याने तेथे मौन निर्माण होत नाही. वोल्फगांग इझर यांची ‘रिक्तस्थाने’ याहून वेगळी आहेत: संहितेतील दोन खंडांमधला जोड जेथे तुटतो आणि तो सांधण्याचे काम वाचकावर येते, ती ही स्थळे. पहिला अवकाश उरलेला आहे, दुसरा घडवलेला. आपली समीक्षा बहुधा पहिल्याला दुसऱ्याचे श्रेय देते.

घडवलेला अवकाश मौनाचाच असतो, हेही गृहीत धरता येत नाही. अरुण कोलटकरांच्या १९७६ च्या इंग्रजी ‘जेजुरी’त, संग्रहाच्या अखेरीकडे, शेतात नाचणारे कोंबडे-कोंबड्या शब्दांच्या वरखाली विखुरण्यातून पानावर अवतरतात. तेथील कोरा कागद त्यांच्या उड्यांची उंची आहे. त्यात गजबज आहे, शांतता नाही. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले संकल्पक होते, हे येथे विसरता येत नाही. ते शब्द सरळ ओळीत छापून पाहावेत: माहिती शिल्लक राहील, नाच थांबेल. याउलट, ओळी तोडून छापलेल्या कित्येक कविता सलग गद्यात मांडल्या तरी त्यांचे काही बिघडत नाही. तेथील अवकाश मुद्रकाचा आहे, कवीचा नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांत आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी काढता येत नाही. तेथे भरून पाहायचे काय? ही कसोटी तेथे लागू पडत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यामुळे त्या चित्रांना ‘शून्य’ म्हणण्याची मुभा मिळत नाही. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत सिद्ध केलेला तो पृष्ठभाग आहे. ज्याला आपण रिकामे म्हणतो तोच तेथे सर्वांत अधिक भरलेला भाग आहे. ‘मौन’ या शब्दाने आपण त्या थरांकडे पाहण्याचे टाळतो.

ध्वनिसिद्धान्ताच्या परंपरेत वाढलेल्या समीक्षेला हे नवीन वाटू नये. आनंदवर्धनांनी व्यंग्यार्थाला श्रेष्ठ मानले, पण तिथवर पोहोचण्याची वाट वाच्यार्थातूनच काढली. न उच्चारलेल्याचा अर्थ लावणाऱ्याने उच्चारलेले शब्द आधी नेमकेपणाने वाचले पाहिजेत. तेव्हा यापुढे कवितेत अवकाश आहे असे लिहिताना त्याची कड कोणत्या शब्दापाशी सुरू होते आणि कोणत्या शब्दापाशी संपते, एवढे आपण लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर तो अवकाश कवितेतला आहे की आपल्या वाचनातला, हे एकदा तपासून पाहावे.