८९.५८ टक्के कोणाचे?



मागच्या आठवड्यात एका ज्युनिअर मित्राने त्याच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला वाचायला पाठवला. नुकताच पेट पास झालाय, राज्यशास्त्राचा आहे. शीर्षक असं : ‘माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि डावे राजकारण : कोल्हापूर जिल्ह्यातील जनमताचा अभ्यास’. मी पदार्थविज्ञानातला. दिवसभर काचेवर पातळ थर चढवायचे आणि त्यांची जाडी मोजायची, हे माझं काम. राज्यशास्त्रात मला कोण विचारतंय? पण मोजमापात घोटाळा झाला की विषय कोणताही असो, तो आपल्याला ओळखीचा वाटतो. नाव न घेता लिहायला त्याने परवानगी दिली, म्हणून हे लिहितोय. यातल्या बहुतेक चुका मीही केलेल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

मसुद्याचा सगळा डोलारा तीन वाक्यांवर उभा आहे. एक, २००२ मध्ये डाव्या पक्षांनी कलामांच्या विरोधात कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं. दोन, कलामांना ८९.५८ टक्के मतं मिळाली, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के जनता कलामांच्या बाजूने होती. तीन, जनमताच्या विरोधात गेल्यामुळे डाव्यांची पुढे घसरण झाली.

वाचायला किती सरळ वाटतं बघा. चहाच्या गाड्यावर कुणी असं बोललं तर आपण मान डोलावू आणि अजून एक चहा सांगू. संशोधनात मात्र मान डोलावण्याआधी थांबावं लागतं. चला, एकेक वाक्य हातात घेऊ.

आकडा आला कुठून?

पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसऱ्यातला आकडाही बरोबर आहे. कलामांच्या मतांचं मूल्य ९,२२,८८४, सहगल यांचं १,०७,३६६. भागाकार करा, ८९.५८ टक्केच येतात. चूक आहे ती ‘म्हणजे’ या शब्दात.

राष्ट्रपतीला तुम्ही-मी मत देत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे आमदार मत देतात. २००२ मध्ये हे सगळे मिळून ४,८९६ जण होते. त्यातही प्रत्येकाच्या मताचं मूल्य वेगळं. खासदाराचं ७०८, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, आपल्या महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७. हे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेलं. म्हणजे ८९.५८ हा आकडा पाच हजारांहून कमी लोकांच्या भारित मतांचा आहे. तो पक्षांची जुळवाजुळव दाखवतो. त्या वर्षी भाजपची आघाडी आणि काँग्रेस दोघंही कलामांच्या मागे होते. मग आकडा मोठा येणारच!

तरी कुणी म्हणेल, आमदार-खासदार लोकांनीच निवडलेत ना, मग त्यांचं मत म्हणजे लोकांचंच मत. ठीक आहे, हे मान्य करून बघू. कोणतंही मोजमाप तपासायची एक सोपी युक्ती आहे : तीच मोजपट्टी शेजारच्या वस्तूला लावायची. आपण पाच वर्षं मागे जाऊ. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांना ९,५६,२९० मूल्याची मतं मिळाली आणि टी. एन. शेषन यांना ५०,६३१. म्हणजे पंच्याण्णव टक्के विरुद्ध पाच टक्के. डावे पक्ष तेव्हा नारायणन यांच्या बाजूने होते आणि शेषन यांना पाठिंबा होता शिवसेनेचा. मसुद्यातली मोजपट्टी लावली तर १९९७ मध्ये पंच्याण्णव टक्के जनता डाव्यांसोबत आणि शिवसेनेसोबत फक्त पाच टक्के! आणि त्या वर्षी महाराष्ट्रात सरकार कोणाचं होतं? शिवसेना-भाजपचं. मोजपट्टी तिथेच मोडली.

कारण आणि परिणाम

आता तिसरं वाक्य. कलामांना विरोध केला म्हणून डाव्यांची घसरण झाली. ‘म्हणून’ हा शब्द सिनॉप्सिसमधला सगळ्यात महागडा शब्द आहे, तो लिहिण्याआधी किमान तारखा तरी क्रमाने मांडाव्यात.

विरोध जुलै २००२ मधला. लोकसभा निवडणूक २००४ ची. त्या निवडणुकीत माकपला ४३ जागा मिळाल्या, त्या पक्षाची लोकसभेतली आजवरची सगळ्यात चांगली कामगिरी. डाव्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर दिल्लीत सरकार आलं. घसरण दिसते ती २००९ मध्ये, माकप १६ वर आला. २०११ मध्ये पश्चिम बंगालमधली ३४ वर्षांची सत्ता गेली. त्या दरम्यान सिंगूर आणि नंदीग्रामचा जमिनीचा वाद झाला, अणुकरारावरून केंद्रातला पाठिंबा काढून घेणं झालं. हे सगळं ओलांडून थेट २००२ ला कारण ठरवायचं असेल तर पुरावा फार भक्कम लागेल.

पण इथे उलटी उडीही मारू नका. २००४ ला जागा वाढल्या म्हणजे कलामांना विरोध केल्याचा फायदा झाला, असंही सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं की या दोन गोष्टींत थेट नातं दिसत नाही. संशोधनात बऱ्याचदा हातात एवढंच येतं, आणि तेवढंच लिहायची सवय लावून घ्यावी लागते.

कोणते कलाम, कोणते डावे?

मसुद्यात ‘कलाम’ हा एकच शब्द सगळीकडे आहे. पण लोक मत बनवतात ते कोणत्या कलामांबद्दल? १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ चं यशस्वी उड्डाण करणाऱ्या चमूचा प्रमुख? १९८९ च्या ‘अग्नी’चे कलाम? शाळकरी मुलांशी गप्पा मारणारे? की राष्ट्रपती म्हणून सही करणारे?

आपण सायन्सवाल्यांनी इथे जरा स्वतःकडे बघायला हवं. आपल्यातल्या बहुतेकांचे कलाम ‘अग्निपंख’मधले आहेत, माधुरी शानभाग यांच्या मराठी अनुवादातले. मूळ इंग्रजी पुस्तक १९९९ चं, म्हणजे राष्ट्रपती होण्याच्या तीन वर्षं आधीचं. त्यात राष्ट्रपती कलाम असणं शक्यच नाही. तेव्हा त्या पुस्तकावर वाढलेल्या मुलाला ‘माजी राष्ट्रपती म्हणून कलाम कसे वाटतात?’ असं विचारलं तर तो उत्तर रॉकेटवाल्या कलामांबद्दल देतो. प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

राष्ट्रपती कलाम तपासायचे तर कागद वेगळे काढावे लागतील. मे २००५ मध्ये मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना त्यांनी बिहार विधानसभा विसर्जित करण्यावर सही केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. २००६ मध्ये लाभाच्या पदांबाबतचं विधेयक त्यांनी फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवलं. संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केल्यावर सही केली. पहिल्या प्रसंगी त्यांच्यावर टीका झाली, दुसऱ्यात त्यांनी स्वतंत्र बाणा दाखवला असं म्हटलं गेलं. कलाम आवडतात म्हणणाऱ्या दहा जणांना हे दोन प्रसंग सांगून पुन्हा विचारा. मत बदलो न बदलो, तुम्हाला कळेल की आधीचं मत कशावर उभं होतं.

‘डावे’ या शब्दाचंही तेच. २००२ मध्ये डावे पक्ष एकत्र होते. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींच्या वेळी माकपने पाठिंबा दिला आणि भाकप तटस्थ राहिला. आणि कोल्हापुरात तर ‘डावा’ म्हटलं की शेतकरी कामगार पक्षही आठवतो. १९७७ ला कोल्हापूरने दाजीबा देसाईंना लोकसभेवर पाठवलं ते याच पक्षातून. दिल्लीतल्या डाव्यांचा निर्णय आणि कोल्हापुरातला डावा माणूस यांना एकाच रकान्यात कोंबलं तर जे वेगळेपण शोधायचं, तेच पुसून जाईल.

विचारलं कोणाला?

मसुद्यात सॅम्पल आहे २०० जणांचं, ‘गुगल फॉर्मद्वारे’. फॉर्म कुठे फिरणार? मित्राच्या कॉलेजच्या ग्रुपवर आणि स्पर्धा परीक्षावाल्यांच्या ग्रुपवर. मीही एका सेमिनारसाठी हेच केलं होतं. विद्यार्थ्यांचं विज्ञानाबद्दलचं मत मोजलं, नव्वद टक्के अनुकूल आलं, खूश होऊन गाईडना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, “फॉर्म पाठवला कोणाला?” मी म्हटलं, आपल्याच विभागात. ते हसले आणि पुढच्या स्लाईडवर गेले. तो आकडा तेव्हाच मेला.

मोठं सॅम्पल घेतलं की प्रश्न सुटतो, असंही नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने कोटीभर मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून अंदाज दिला की लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, सुमारे ६१ टक्के मतांनी. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून, मंदीच्या काळात. शिवाय ज्यांना उत्साह त्यांनीच उत्तरं पाठवली. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान सॅम्पलवर निकाल बरोबर सांगितला. मी माझ्या पातळ थराची जाडी एकाच कोपऱ्यात हजार वेळा मोजली, तरी मला कळेल ती त्या कोपऱ्याचीच जाडी.

आदर वेगळा, मत वेगळं

आता माझ्या मते या विषयाचं खरं मर्म. २०१५ हे वर्ष आठवा. १६ फेब्रुवारीला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई यांच्यावर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. सगळं शहर हळहळलं. त्यात त्यांना कधी मत न दिलेली माणसंही होती. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील आणि पानसरे यांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले होते. पण अवघ्या चार महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०१४ च्या विधानसभेला, जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा डाव्या पक्षाकडे गेली नव्हती. त्याच वर्षी २७ जुलैला शिलाँगमध्ये व्याख्यान देता देता कलाम गेले. पुन्हा शहर हळहळलं.

मी तेव्हा बीएस्सीला होतो. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायचे, लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते. फेब्रुवारीत ते कामावर न जाता कोल्हापूरला आले. जुलैत टीव्हीसमोर बसून डोळे पुसले. माझ्या दहावीच्या निकालाला ‘अग्निपंख’ विकत आणलं होतं तेही त्यांनीच. मी एकदा विचारलं होतं, “बाबा, तुमच्या लोकांनी तर कलामांना विरोध केला होता ना?” ते म्हणाले, “विरोध माणसाला नव्हता रे. आणि असता तरी, मला कुठं मत होतं त्यात?”

हे दुसरं वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. या मसुद्याच्या निमित्ताने कळलं. आमच्या मोजमापावरची सगळी टीका त्यांनी एका ओळीत केली होती.

मित्राच्या फॉर्ममधला सातवा प्रश्न असा आहे : ‘आपण डॉ. कलाम यांचे समर्थक आहात की डाव्या विचारांचे?’ पर्याय दोन. बाबांनी कशावर टिक करायची? काहीतरी एक निवडतील, नाहीतर फॉर्म सोडून देतील. दोन्ही वेळा आपल्या विदेत चूकच जाणार, आणि ती चूक दिसणारही नाही. मग आपण प्रबंधात लिहू की जिल्ह्यात लोक दोन गटांत विभागलेले आहेत. तसे ते नव्हते, आपल्या प्रश्नाने त्यांना विभागलं. अशा प्रबंधाची बातमी होते, बातमीचं भाषण होतं, आणि एके दिवशी कुणीतरी बाबांसारख्या माणसाला सांगतं की तू एक तर हा, नाहीतर तो.

म्हणून मित्राला मी विषय सोडायला सांगितलेला नाही. विषय चांगला आहे. प्रश्न बदलायला सांगितलाय : एखाद्या व्यक्तीबद्दलचा आदर आणि पक्षाला दिलेलं मत, या दोन गोष्टी कोल्हापूरकर वेगळ्या कशा ठेवतात? त्यासाठी २०० फॉर्मपेक्षा वीस माणसांच्या निवांत मुलाखती बऱ्या : यंत्रमागावरच्या, उसाच्या फडातल्या, शाळेतल्या, वकिलीतल्या. टक्केवारी मिळणार नाही. पण जे मिळेल ते खरं असेल.

तुम्हीही आज एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात मोठा, सगळ्यात आवडता आकडा शोधा. त्याच्याखाली पेन्सिलने चार गोष्टी लिहा : कोणी मोजला, कोणाला मोजलं, कधी, आणि नेमकं विचारलं काय. चारपैकी एक जरी जागा रिकामी राहिली, तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत वाचत राहा.